घड्याळासकट वाचायचा डाव

पत्र : माझी मुलगी आठवीत आहे. आम्ही घणसोलीला राहतो आणि ती शनिवार-रविवार ठाण्याला नौपाड्यात बुद्धिबळाच्या क्लासला जाते. सुट्टीत सरांनी गृहपाठ दिला. बातुमीच्या महिला विश्वचषकात अंतिम फेरीत दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यात टायब्रेकचा, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीचा, जो दुसरा जलद डाव झाला, त्याचं विश्लेषण वहीत लिहून आणायचं. हिने मोबाईलवर डाव उघडला, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, लावलं आणि अर्ध्या तासात दोन पानं भरली. 'इथे हंपीची चूक, इथे दिव्याची घोडचूक, इथे अमुक चाल हवी होती.' सरांनी वही परत दिली. खाली लिहिलं होतं, 'हे इंजिनने पाहिलं. तू काय पाहिलंस ते लिही.' तेव्हापासून ती रुसून बसली आहे. म्हणते, इंजिन बरोबरच सांगतं, मग मी वेगळं काय लिहू? त्यातच माझे सासरे म्हणाले, 'बायकांच्या डावात चुकाच फार, त्यापेक्षा जुन्या जगज्जेत्या कार्पोव्हचे डाव बघ.' ते स्वतः तरुणपणी बँकेच्या संघातून खेळायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं तिला जास्तच लागलं. मला फक्त कुठली सोंगटी कशी चालते एवढंच कळतं. असा डाव बघायचा तरी कसा? आणि यात मी काही मदत करू शकते का?
— एक आई, घणसोली

ताई,

सरांचं बरोबर आहे, आणि तुमच्या लेकीचंही फारसं चुकलेलं नाही. स्टॉकफिशसारखं इंजिन आज जगज्जेत्यालाही सहज हरवतं. त्याने एखादी चाल वाईट ठरवली की आठवीतल्या मुलीने ते मान्य करणं साहजिक आहे. पण इंजिनला विचारलेला प्रश्न वेगळा आणि सरांनी विचारलेला वेगळा. इंजिनला आपण विचारतो, या पटावर सगळ्यात चांगली चाल कोणती? सरांना हवं आहे ते असं : या दोघींनी त्या दिवशी, हातात तेवढाच वेळ असताना, असं का खेळलं? याचं उत्तर शोधायला पट, घड्याळ आणि गुणफलक तिन्ही एकत्र बघावे लागतात. इंजिनसमोर यातला फक्त पट असतो.

मी सविस्तर लिहिते आहे, कारण हा डाव मला मनापासून आवडतो आणि तो इंजिनच्या नुसत्या लाल-पिवळ्या खुणांखाली गाडला जाऊ नये असं वाटतं.

आधी पार्श्वभूमी. मुलीच्या वहीत ती नव्हती असं तुमच्या पत्रावरून वाटतं. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमी शहरात ही स्पर्धा झाली आणि अंतिम फेरीत दोघी भारतीय पोचल्या. हंपी तेव्हा ३८ वर्षांची. २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली, आणि जलद प्रकारात दोनदा जगज्जेती : २०१९ ला मॉस्कोत, २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये. न्यूयॉर्कला तर ती पहिलाच डाव हरली होती, तरी शेवटी ११ पैकी ८.५ गुण करून विजेती ठरली. समोर आपल्या नागपूरची दिव्या, १९ वर्षांची, स्पर्धेत पंधरावं मानांकन, वाटेत जू जिनेर, हरिका आणि तान झोंगयी यांना बाहेर काढून आलेली. २६ आणि २७ जुलैचे पारंपरिक, म्हणजे जास्त वेळाचे, डाव बरोबरीत सुटले. २८ तारखेला टायब्रेक. पहिल्या जलद डावात दिव्याकडे पांढरे मोहरे होते, तोही बरोबरीत. दुसऱ्यात पांढरे हंपीकडे. हा डाव सत्तरहून जास्त चाली चालला, दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली. विश्वचषक मिळाला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला. भारताची ती ८८वी ग्रँडमास्टर आणि हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी महिला.

एवढं वाचल्यावर वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहायला सांगा : हा डाव बरोबरीत सुटला असता तर काय झालं असतं? तर आणखी दोन डाव, दहा-दहा मिनिटांचे. म्हणजे दोघींपैकी कोणालाही जिंकणं भाग नव्हतं, पण हरणं कोणालाच परवडणारं नव्हतं. कारण पहिला डाव बरोबरीत असल्यामुळे यात जी हरेल तिचा विश्वचषक तिथेच गेला. अशा वेळी खेळाडू धोका पत्करते तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असतं आणि विश्लेषणात ते शोधायचं असतं. इंजिनला यातलं काही माहीत नसतं. २०१९ ला मॉस्कोत हंपी आणि लेई टिंगजी यांच्यात अगदी शेवटी आर्मागेडन डाव झाला. त्यात काळ्याला बरोबरीही विजयासारखी असते. हंपीकडे काळे होते, डाव बरोबरीत सुटला आणि ती जगज्जेती झाली. इंजिनच्या पट्टीवर तिथे शून्यच, म्हणजे बरोबरीच, दिसलं असतं. हंपीसाठी त्या शून्याची किंमत जगज्जेतेपदाएवढी होती.

आता घड्याळ. यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मुलं जलद डाव बघताना नेमकं हेच सोडून देतात.

बातुमीच्या या डावांना प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढीव होते. घणसोलीहून ठाणे स्टेशनला लोकल पोचायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढीच ती मूळ १५ मिनिटं. आता मुलीला कागदावर हिशोब करायला लावा. १५ मिनिटं म्हणजे ९०० सेकंद. ४० चालींचे वाढीव ४०० सेकंद. एकूण १३००. म्हणजे पहिल्या ४० चालींना दर चालीला सरासरी साडेबत्तीस सेकंद, तेही सगळा वेळ संपवून टाकला तर. आणि डाव तर सत्तरच्या पुढे गेला! त्याच स्पर्धेतल्या पारंपरिक डावात पहिल्या ४० चालींना ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद मिळायचे, म्हणजे एका चालीला सरासरी पावणेतीन मिनिटं. पाचपट फरक आहे. हा हिशोब तिने स्वतःच्या हाताने केला की 'एवढ्या मोठ्या खेळाडू आणि एवढ्या चुका का' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिला तिथेच मिळेल.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर मोठ्या स्पर्धांचे डाव प्रक्षेपणाच्या विभागात फुकट बघायला मिळतात आणि बहुतेक डावांत चालीबरोबर खेळाडूचा उरलेला वेळही दिसतो. इंजिन बंद ठेवायचं आणि चालींबरोबर फक्त हे आकडे बघत डाव पुढे न्यायचा. कुठल्या चालीला एकीने दीड-दोन मिनिटं घेतली? १५ मिनिटांच्या डावात दोन मिनिटं म्हणजे मूळ वेळेचा जवळजवळ आठवा हिस्सा. एवढा वेळ कोणी उगाच देत नाही. तिथे तिला काहीतरी दिसलं होतं, किंवा काहीतरी खटकलं होतं, किंवा दोन वाटा समोर होत्या. अशा जागांवर पेन्सिलीने फुली मारायची. उलट, झटपट खेळलेल्या चालीही बघायच्या. आठव्या चालीला तीन सेकंद लागले तर ती घरून तयार करून आणलेली चाल. अठ्ठावन्नाव्या चालीला तीन सेकंद लागले तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे. एक तर चाल सक्तीची होती, किंवा वेळ हातातून निसटत होता. दोन्हींतलं कुठलं, ते पट बघून ठरवायचं.

हे करताना पट मोबाईलवरचा नको. घडी होणारा रेक्झिनचा पट असेल ना घरी, क्लासला नेते तो? तोच स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी किंवा जमिनीवर मांडायचा आणि चाली हाताने करायच्या. स्क्रीनवर बोटाने सरकवताना सत्तर चाली दोन मिनिटांत संपतात आणि डोक्यात एकही राहत नाही.

सुरुवातीच्या चालींवर फार वेळ घालवू नका. हंपीने कॅटलान नावाचं ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची पद्धत, घेतलं होतं. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग.) पांढऱ्याचा उंट जी-२ वर येऊन लांब कर्णावरून डी-५ आणि बी-७ या घरांवर नजर ठेवतो, पांढरा सवडीने ई-४ ढकलायची तयारी करतो, आणि काळ्याला सतत छळणारा प्रश्न असतो की सी-८ वरचा उंट बाहेर काढायचा कसा. आठवीतल्या मुलीला एवढं पुरे. बाराव्या-पंधराव्या चालीपर्यंत प्रत्येक बाजूबद्दल दोन वाक्यं लिहायची आणि पुढे जायचं. कॅटलानच्या उपशाखा पाठ करायला अख्खं आयुष्य पडलंय.

खरी मेहनत पेन्सिलीच्या फुल्यांवर. फुलीच्या जागी पट थांबवायचा, पुढची चाल झाकायची, तीन मिनिटांचा गजर लावायचा आणि स्वतः ठरवायचं की मी असते तर काय खेळले असते. मग लिहायचं. कसं लिहायचं तेही सांगते, कारण मुली इथेच अडतात. 'पांढरा बरा आहे' हे लिहिणं नव्हे. असं लिहायचं : 'काळ्याचा सी-८ वरचा उंट अजून घरातच आहे. पांढऱ्याने ई-४ ढकललं तर मधली फळी उघडेल आणि मला ते नकोय. मी बी-६ खेळून उंट बी-७ वर आणेन. भीती एवढीच की मग सी-६ चं घर कच्चं राहतं.' चार वाक्यं. यात एक अडचण आहे, समोरच्याची योजना आहे, स्वतःची चाल आहे आणि त्या चालीचा तोटाही आहे. चाल चुकली तरी हरकत नाही. तिने डोकं कसं चालवलं ते सरांना यातून दिसेल, आणि त्यांना तेच हवं आहे.

मग झाकलेली चाल उघडायची. दिव्या किंवा हंपी वेगळं खेळली असेल तर लगेच 'मी चुकले' असं लिहायचं नाही. आधी 'तिने असं का केलं असेल?' याचा एक अंदाज लिहायचा. हा अंदाज लिहिताना मुलगी पहिल्यांदा दुसऱ्या खेळाडूच्या खुर्चीत बसते. माझ्या क्लासमध्ये मुलं या टप्प्यावर एकदम शांत होतात, आणि तो क्षण मला शिकवण्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

इंजिन यानंतर, आणि वेगळ्या रंगाच्या पेनने. निळ्या शाईत तिचं, हिरव्या शाईत इंजिनचं. हिरव्या शाईतल्या प्रत्येक चालीखाली एक वाक्य हवं, त्या चालीमागची कल्पना काय, हे मराठीत, आकड्याशिवाय. ते वाक्य जमत नसेल तर ती चाल वहीत घ्यायचीच नाही. इंजिन कधी कधी अशी चाल सुचवतं की तिचं कारण अठरा चालींनंतर कळतं. बत्तीस सेकंदांत ती कोणाला सापडणार? तिला हुकलेली संधी म्हणणं हंपीवरही अन्याय आणि दिव्यावरही. आणखी एक : इंजिनचं मूल्यांकन (अधिक म्हणजे पांढऱ्याचं पारडं जड) अधिक सहावरून अधिक तीनवर आलं की ॲपवर आलेख खाली येतो आणि मुलं घाबरून 'चूक' लिहितात. पण अधिक सहाही जिंकलेलं आणि अधिक तीनही जिंकलेलंच. घड्याळ पळत असताना सोप्या वाटेने जिंकायला निघालेल्या खेळाडूने थोडा फायदा सोडला तर ते शहाणपण आहे. खरी चूक ती, जिच्यामुळे जिंकलेला डाव बरोबरीवर येतो किंवा बरोबरीचा डाव हरतो. या डावात अशा जागा आहेत, आणि त्या मुख्यतः शेवटच्या टप्प्यात आहेत.

म्हणून आता त्या टप्प्याकडे. डाव हत्ती आणि प्याद्यांवर आला. दिव्याचं पारडं जड होतं. दोघींकडेही थोडाच वेळ उरलेला. तिथे दिव्याच्या हातून विजय निसटू लागला, हंपीला बरोबरीची संधी आली, तीही हुकली, आणि शेवटची चूक हंपीची ठरली. तुमच्या लेकीच्या वहीत इथे बहुतेक चूक, चूक, घोडचूक असा रकाना झाला असणार. मी तिच्या जागी असते तर सगळा गृहपाठ याच टप्प्यावर लिहिला असता.

कारण असं की साठाव्या चालीला, वाढीव दहा सेकंदांच्या आधाराने खेळताना, मोजून खेळणं जवळजवळ संपलेलं असतं. हाताला जे आधीपासून माहीत आहे तेच हात खेळतो. हत्तीच्या अंतिम डावात हाताला माहीत असायलाच हवी अशी एक जागा आजच घरी मांडून बघा. तुम्हालाही जमेल, सोंगट्या कशा चालतात एवढं तुम्हाला येतंच. पांढरा राजा डी-५ वर, पांढरं प्यादं ई-५ वर, पांढरा हत्ती एच-७ वर. काळा राजा ई-८ वर, काळा हत्ती ए-६ वर. काळ्याकडे एकही प्यादं नाही, तरी डाव बरोबरीत आहे. ए-६ वरचा हत्ती अख्खी सहावी रांग अडवून बसलाय, त्यामुळे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. पांढऱ्याला काही करायचं तर प्यादं ई-६ वर ढकलावं लागतं. ते ढकललं की त्याच चालीला काळा हत्ती थेट खाली ए-१ वर जातो. आता पांढरा राजा डी-६ वर आला की हत्ती डी-१ वरून शह, राजा ई-५ वर सरकला की ई-१ वरून शह, एफ-६ वर गेला की एफ-१ वरून शह. राजाला लपायला जागा नाही, कारण ज्या प्याद्याच्या आडोशाला तो उभा राहिला असता ते आधीच पुढे गेलंय. याला फिलिडोरची स्थिती म्हणतात. अठराव्या शतकातल्या त्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ती आजही प्रत्येक क्लासात शिकवली जाते.

आता मुलीला हे उलटं करून विचारा. प्यादं अजून ई-५ वर असतानाच काळा हत्ती घाईने खाली गेला तर? तर पांढरा राजा लगेच सहाव्या रांगेवर घुसतो आणि काळ्याला एकदम श्वास लागतो. मागून शह देत बसावं तर राजाला प्याद्याचा आडोसा मिळतो. एका चालीची घाई, आणि सोपी बरोबरी अवघड होऊन बसते. बातुमीच्या डावात प्यादी जास्त होती, ही नेमकी स्थिती नव्हती. पण हत्तीने रांग धरायची की मागे जायचं, राजा आत कधी आणायचा, कुठलं प्यादं आधी ढकलायचं, हे प्रश्न त्याच जातीचे. फिलिडोर हातात बसल्यावर तिने दिव्या-हंपीचा शेवट पुन्हा मांडावा आणि प्रत्येक हत्तीच्या चालीला एकच गोष्ट लिहावी : हा हत्ती आत्ता काय अडवतोय? पहिल्या वहीत न दिसलेलं पुष्कळ काही दिसेल.

आता आजोबांबद्दल. ते तुमचे सासरे आहेत, स्वतः खेळलेले आहेत, आणि कार्पोव्हचे डाव बघायला सांगतात ते योग्यच आहे. हत्तीचा अंतिम डाव शिकायला कार्पोव्हसारखा गुरू नाही. पण कार्पोव्हच्या पारंपरिक डावांशी पंधरा मिनिटांच्या डावाची तुलना करू नये एवढं त्यांना नम्रपणे सांगायला हवं. जलदची तुलना जलदशी करावी. २०१८ ला लंडनच्या जगज्जेतेपद लढतीत फॅबियानो कारुआनाने मॅग्नस कार्लसनला बाराच्या बारा पारंपरिक डावांत बरोबरीत रोखलं, आणि जलद टायब्रेकमध्ये तोच कारुआना तीनही डाव हरला. एका दिवसात त्याचं बुद्धिबळ कच्चं झालं नव्हतं, घड्याळ बदललं होतं. आणि वेळ भरपूर असला म्हणून चुका टळतात असंही नाही. २०२४ च्या १२ डिसेंबरला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या चौदाव्या, पारंपरिक डावात डिंग लिरेनने हत्ती एफ-२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारले, मग उंटांचीही अदलाबदल अटळ झाली आणि उरलेला राजा-प्याद्यांचा डाव डिंगचा हरलेला होता. जगज्जेता, जगज्जेतेपदाचा शेवटचा डाव, आणि तरीही असं झालं. याला कोणी 'पुरुषांच्या डावात चुकाच फार' म्हणत नाही.

त्याच डिंगचा आणखी एक क्षण आजोबांना नक्की दाखवा. ३० एप्रिल २०२३, अस्ताना, जगज्जेतेपदाच्या लढतीत नेपोम्नियाशीविरुद्ध टायब्रेकचा चौथा जलद डाव. डिंगकडे काळे, राजा एच-७ वर, घड्याळात थोडाच वेळ. पांढऱ्या वजिराने ई-४ वरून शह दिला. राजा हलवत राहिलं तर शह येत राहणार आणि डाव बरोबरीत सुटणार, हे दिसत होतं. डिंगने स्वतःचा हत्ती जी-६ वर, वजीर आणि राजाच्या मधोमध आणून ठेवला. हत्ती जखडला गेला, पण शह संपले, डाव चालू राहिला आणि डिंग जिंकून जगज्जेता झाला. त्या दबावाखाली ही चाल शोधणारा आणि दीड वर्षाने हत्ती एफ-२ वर आणणारा माणूस एकच आहे. खेळाडू चुकतो तेव्हा त्याची ताकद खोटी ठरत नाही, हे आठवीतल्या मुलीला आजोबांच्या शेजारी बसून कळलं तर फार बरं.

आणि आजोबा बँकेकडून खेळायचे म्हणजे त्यांना खाडिलकर भगिनींची नावं आठवत असतील. वासंती, जयश्री, रोहिणी. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर लहान वयात पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! महाराष्ट्रातल्या मुलींनी तेव्हापासून हा पट सोडलेला नाही. पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे, सांगलीच्या स्वाती घाटे, २००९ ला जागतिक ज्युनियर मुलींचं अजिंक्यपद मिळवणारी पुण्याची सौम्या स्वामीनाथन, आणि २०२४ ला तेच अजिंक्यपद गांधीनगरला ११ पैकी १० गुणांनी मिळवणारी दिव्या. हे तुम्ही भांडणाच्या सुरात सांगू नका. 'बाबा, तुमच्या वेळच्या त्या खाडिलकरांबद्दल हिला सांगा ना' एवढंच म्हणा. बाकीचं ते स्वतःच बोलतील. शिवाय फिलिडोरच्या स्थितीत बचाव करायला मुलगी आणि हल्ला करायला आजोबा अशी जोडी लावून दिलीत तर दोघांचं भांडण पटावरच मिटेल. पाच वेळा बचाव झाला की बाजू बदलायची.

तुम्ही काय करायचं, हे तुम्ही विचारलंय. तुम्हाला खेळता येत नाही ही इथे अडचण नाही, उलट सोयच आहे, कारण तुम्ही तिला उत्तर सांगू शकत नाही. तुम्ही पटाशेजारी भाजी निवडत बसा. पुढची चाल तुमच्या हाताखाली झाकलेली असू द्या. तिने चाल ठरवली की तीनच गोष्टी विचारा : हीच का? मग समोरची काय करेल? आणि याला तुला किती वेळ लागला? तिने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला समजतील अशी दिली, तर ती सरांनाही समजतील. 'आई, तुला नाही कळणार' असं म्हणाली तर समजा की तिलाही अजून नीट कळलेलं नाही, आणि तिथेच थोडं रेंगाळा. रागावू मात्र नका. एका बैठकीत दोन फुल्या झाल्या तरी खूप.

रुसव्याचं म्हणाल तर तो वही परत आल्याचा नसावा, असं मला वाटतं. तिने मेहनत केली असं तिला वाटत होतं आणि ती मोजली गेली नाही, याचं दुःख आहे. म्हणून जुनी दोन पानं फाडू देऊ नका. तीच हिरव्या शाईची पानं आहेत असं समजायचं, फक्त ती क्रमाने आधी आली. आता त्यांच्यासमोरच्या पानावर निळ्या शाईने तिचं लिहून व्हायचं आहे. सरांना तसंच सांगा. मला खात्री आहे, ते आनंदाने वाचतील.

एक गोष्ट तिच्या स्वतःच्या खेळासाठी. जलद स्पर्धांत चाली लिहून ठेवण्याचं बंधन नसतं, त्यामुळे मुलांचे जलद डाव त्याच दिवशी हवेत विरतात आणि लक्षात राहतो तो फक्त निकाल. पुढची जलद स्पर्धा झाली की परतीच्या लोकलमध्ये तिला डाव आठवून लिहायला सांगा. पहिल्यांदा पंधरा चालींनंतर अडकेल. अडकली त्या चालीवर खूण करा, कारण बहुतेकदा तिथेच डाव तिच्या समजेबाहेर गेलेला असतो. आणि शेजारी घड्याळाबद्दल एक ओळ, अंदाजाने का होईना : 'इथे माझी चार मिनिटं उरली होती, तिची सात.' अशा आठ-दहा ओळी जमल्या की तिचा वेळ नेमका कुठे जातो ते तिलाच दिसेल. काही मुली ओपनिंगमध्येच वेळ उधळतात, काही बरोबरीच्या, शांत स्थितीत उगाच अडून बसतात. तिचं यातलं कुठलं ते कळलं की मला पुन्हा लिहा, त्यावर काय करायचं ते वेगळं सांगेन. आणि तिने निळ्या शाईत लिहिलेलं पान पाठवलंत तर मी ते नक्की वाचेन.